'पाय तियात्रिस्त' जुआंव आगुस्तीन फर्नांडिस

संगीत नाटक म्हटले की आपल्या सीमाभागातील माणसाची मान अभिमानाने ताठ होते. अण्णासाहेब किर्लोस्कर हे याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांच्या 'शाकुंतला'चा १८८० साली पुण्यात प्रयोग झाला आणि मराठी रंगभूमीचे युग पालटले. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी मुंबईत आणखी एका रंगभूमीचा जन्म झाला. ती गोव्याच्या ख्रिस्ती समाजाची कोकणी रंगभूमी, म्हणजेच 'तियात्र'. आपल्या शेजारच्या या रंगभूमीचे जनक जुआंव आगुस्तीन फर्नांडिस यांची ओळख मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना असेल.

१४ डिसेंबर १८७१ रोजी मडगावच्या बोर्डा भागात एका कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. दरबारात आणि शिष्टांच्या दिवाणखान्यात पोर्तुगीज भाषेला मान होता. कोकणी ही नोकराचाकरांची, स्वयंपाकघरातील भाषा मानली जाई. १६८४ साली तर लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मानच निघाले होते. फर्मानाने भाषा मेली नाही, पण तिची प्रतिष्ठा गेली. खेडोपाडी रात्र जागवणारा 'जागर' हा लोकनाट्यप्रकार होता. त्याकडे पाहूनही सुशिक्षित मंडळी नाके मुरडीत.

गोव्यात पोट भरेना, म्हणून हजारो गोवेकर मुंबईची वाट धरीत. कोणी साहेबाच्या घरी आचारी होई, कोणी बोटीवर खलाशी, तर कोणी बँडमध्ये वादक. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेल्या या मुलांना संगीताचे अंग उपजतच असावे असे वाटे. गावच्या लोकांनी वर्गणीने चालवलेल्या सामाईक बिऱ्हाडाला 'कूड' म्हणत. धोबीतलाव आणि कावेल या भागांत अशा कुडी होत्या. जुआंव आगुस्तीनही तरुणपणी याच मुंबईत आले.

त्या काळी मुंबईत इटालियन ऑपेरा कंपन्या येत. बार्देशातील आसगावच्या लुकाझिन रिबेरो यांना त्या खेळांनी वेड लावले. आपल्या लोकांसाठी आपल्या भाषेत असे काही करावे, या ध्यासाने त्यांनी चार सोबती जमवले. त्यांत जुआंव आगुस्तीन होते. १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, न्यू आल्फ्रेड थिएटरात 'इटालियन भुरगो' हा पहिला तियात्र झाला. 'तियात्र' हा शब्द पोर्तुगीज 'तियात्रु'वरून आला. तेव्हा जुआंव आगुस्तीन अवघे वीस वर्षांचे होते.

पण तो खेळ परक्या कथेचे रूपांतर होता. परक्या कथेवर किती दिवस जगणार? ही उणीव जुआंव आगुस्तीन यांनी भरून काढली. १८९५ साली त्यांनी 'सुंदरी कावेलची' हे स्वतंत्र नाटक रंगभूमीवर आणले. राजपुत्रांच्या जागी मुंबईच्या कावेलमधील गोवेकर माणूस आला. पुढे त्यांनी वीसहून अधिक तियात्र रचले. संवाद त्यांचे, गाणी त्यांची, चाली त्यांच्या आणि भूमिकाही त्यांचीच. तियात्रात दोन पडद्यांच्या मध्ये गाणी होतात, त्यांना 'कांतारां' म्हणतात. कथेशी त्यांचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. त्यामुळे जे कथेत सांगता येत नाही, ते गायक पडद्यापुढे उभा राहून लोकांना सांगून जातो.

१९०४ सालचे 'भाटकारा' हे त्यांच्या धैर्याचे खरे प्रमाण होय. भाटकार म्हणजे जमीनदार आणि त्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. झोपडी गेली की कुटुंब उघड्यावर, म्हणून मुंडकाराने तोंड उघडायचे नाही, अशी रीत. रोज हे सोसणाऱ्या माणसांपुढे जुआंव आगुस्तीन यांनी तो जुलूम उघडा करून मांडला. मुंडकारांना घरातून हुसकावण्यास आळा घालणारा कायदा गोव्यात १९७५ साली झाला. म्हणजे लेखकाची लेखणी कायद्याच्या सत्तर वर्षे पुढे होती!

याच नाटकात त्यांनी दुसरे धाडस केले. तोवर तियात्रात स्त्रियांची कामे पुरुषच करीत. आपल्याकडेही पुढच्याच वर्षी बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि स्त्रीभूमिकांनी त्यांनी महाराष्ट्र जिंकला. कुलीन स्त्रीने तोंडाला रंग लावणे ही तेव्हा बेअब्रूची गोष्ट होती. दुसऱ्याच्या लेकीसुनांना पुढे या म्हणण्याआधी जुआंव आगुस्तीन यांनी आपल्या पत्नीलाच रंगमंचावर उभे केले. रेजिना फर्नांडिस या तियात्रातील पहिल्या अभिनेत्री ठरल्या. सुधारणेची सुरुवात स्वतःच्या घरापासून करणारे किती असतात? आणि त्या धाडसातील मोठा वाटा रेजिनाबाईंचा, हेही विसरता कामा नये. लोकांच्या नजरा त्यांनाच झेलायच्या होत्या.

१९४७ साली जुआंव आगुस्तीन निवर्तले. लोकांनी त्यांना 'पाय तियात्रिस्त' म्हटले. मराठी कानाला हा शब्द गमतीचा वाटेल, पण कोकणीत 'पाय' म्हणजे बाप. मडगावच्या रवींद्र भवनातील सभागृहाला हेच नाव आहे. १७ एप्रिल हा दिवस तियात्र दिन म्हणून पाळला जातो.

आचारी, आया आणि खलाशी यांच्या बोलीला कला शोभणार नाही, असे ज्या काळी शहाणे म्हणत, त्या काळी या माणसाने तिच्यात नाटके लिहिली, गाणी बांधली आणि थिएटरे भरवली. दोन-तीन भाषा नित्य कानी पडणाऱ्या आपल्या या प्रदेशात त्यांचे चरित्र विशेष मोलाचे आहे. भाषेला प्रतिष्ठा फर्मानाने येत नाही आणि फर्मानाने जातही नाही. तिच्यात आपले सुखदुःख मांडणारी माणसे उभी राहिली, म्हणजे ती आपोआप येते.