नवरा गेला, पदरात लहानगी लेक; त्याच मृणाल गोरेंनी पुढे दिंडोशीत हजारो कुटुंबांना घरं मिळवून दिली

गोरेगाव पूर्वेला उतरायचं आणि रिक्षावाल्याला फक्त नागरी निवारा एवढंच सांगायचं. पुढचा पत्ता तो विचारत नाही. दिंडोशीच्या टेकडीवरची ही वसाहत मुंबईत सगळ्यांना माहितीये. पण ती उभी करण्यात जिचा मोठा वाटा होता, ती बाई एकेकाळी स्वतःच एकटी पडली होती, हे फार कमी जणांना माहिती असतं.

ती बाई म्हणजे मृणाल गोरे. मुंबईची पाणीवाली बाई.

२४ जून १९२८ चा जन्म, माहेरचं आडनाव मोहिले. हुशार मुलगी, डॉक्टर व्हायला निघालेली. पण राष्ट्र सेवा दलाच्या कामात ती इतकी रमली की मेडिकलचं शिक्षण अर्धवट सोडलं. १९४८ साली समाजवादी कार्यकर्ते केशव उर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न केलं. तेही आंतरजातीय. दोघांनी संसार मांडला गोरेगावात. तेव्हाचं गोरेगाव म्हणजे मुंबईबाहेरचं गावच होतं.

दहा वर्षं संसार झाला आणि १९५८ साली केशव गोरे गेले.

मृणालताई तेव्हा जेमतेम तिशीच्या. पदरात लहान मुलगी. आता विचार करा, पक्षाचं काम करणाऱ्या माणसाच्या घरात मागे काय उरतं? ना पेन्शन, ना ग्रॅच्युइटी. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना यायला अजून २२ वर्षं होती. अशा वेळी बाईला आधार असायचा तो नातेवाइकांचा, शेजाऱ्यांचा आणि असलीच तर स्वतःच्या कमाईचा. लोक हळहळायचे, चार दिवस डबा द्यायचे. पण मूल मोठं व्हायला चार दिवस पुरत नाहीत.

मृणालताईंनी घर आणि लेक सांभाळत नवऱ्याचं अर्धं राहिलेलं काम हातात घेतलं. त्यांच्या नावाने गोरेगावात केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा राहिला. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या.

तिथे त्यांनी विषय धरला पाण्याचा. उपनगरं वाढत होती, झोपड्या वाढत होत्या, पण नळ पोहोचत नव्हता. हंडा घेऊन रांगेत उभी असायची ती बाईच. जिचा नवरा नाही, तिचा तर रोजगारही त्या रांगेत बुडायचा. कारण पाणी भरायला, मूल बघायला आणि कामावर जायला माणूस एकच. मोर्चे काढून, अधिकाऱ्यांना घेराव घालून मृणालताईंनी वस्त्यांमध्ये पाणी आणायला लावलं आणि पाणीवाली बाई हे नाव पडलं ते कायमचं.

१९७२ हे दुष्काळाचं आणि महागाईचं वर्ष. साखर, तेल, रॉकेल मिळेना. मृणालताई, अहिल्या रांगणेकर, कमल देसाई अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. हातात लाटणी घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. घरखर्चाचा हिशोब हा राजकारणाचा विषय आहे, हे मंत्रालयाला त्या लाटण्यांनी ऐकवलं. त्याच वर्षी मृणालताई विधानसभेत पोहोचल्या. आणीबाणीत आधी भूमिगत राहिल्या, मग तुरुंगात गेल्या. १९७७ ला उत्तर मुंबईतून थेट लोकसभेत.

दिंडोशीत नेमकं काय झालं?

१९७६ साली नागरी कमाल जमीन धारणा कायदा आला. शहरात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मोकळी जमीन असेल तर ती सरकारने घ्यायची आणि गरिबांच्या घरांसाठी वापरायची, असा त्याचा हेतू. पण कायद्यात सवलतीच्या पळवाटाही होत्या आणि जमीन गरिबांपर्यंत पोहोचतच नव्हती.

मृणालताई, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद उभी केली. मागणी सरळ होती, कायद्यात लिहिलंय ते द्या. मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी दिंडोशीत सुमारे ६२ एकर जमीन मिळाली आणि तिथे सहा हजारांहून अधिक कुटुंबांना परवडणारी घरं मिळाली.

यात एक गंमत आहे. १९८० साली निराधार योजना आणली ती बॅरिस्टर अंतुले यांच्या सरकारने. आणि सिमेंट प्रकरणात त्याच अंतुलेंविरोधात कोर्टात गेलेल्यांमध्ये मृणालताई आणि सामंतही होते. जानेवारी १९८२ मध्ये अंतुलेंना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. योजना मात्र राहिली, आजही चालू आहे.

१९८३ साली गोरेगावात स्वाधार सुरू झालं. नवऱ्याने टाकलेल्या, मारहाण होणाऱ्या, एकट्या पडलेल्या बायकांना सल्ला आणि आधार देणारं हे केंद्र. १७ जुलै २०१२ ला, वयाच्या ८४ व्या वर्षी मृणालताई गेल्या. गोरेगावात आज त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे.

आज हीच वेळ कुणावर आली तर?

१९५८ मध्ये नव्हत्या अशा काही गोष्टी आज आहेत. पण त्या आपोआप घरी येत नाहीत, मागाव्या लागतात.

निराधार योजनेत विधवा महिलेला दरमहा १,५०० रुपये मिळतात. वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आहे २१,००० रुपये. अर्ज तहसील कार्यालयात. एक पालक गेलेल्या मुलासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपये. हा अर्ज महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात.

टॅक्सचं काय? काही देशांत मूल सांभाळायच्या खर्चावर थेट करसवलत मिळते, तशी आपल्याकडे नाही. जुन्या करप्रणालीत दोन मुलांपर्यंतची ट्यूशन फी दीड लाखाच्या वजावटीत बसते. नव्या प्रणालीत फॅमिली पेन्शनचा एक तृतीयांश भाग किंवा २५,००० रुपये, यातली कमी रक्कम वजा होते. गेलेल्या जोडीदाराचा रिटर्न वारसाने भरायचा असतो. आणि मुलाच्या नावावर एफडी केली, तरी ते अठरा वर्षांचं होईपर्यंत तिचं व्याज हयात पालकाच्याच उत्पन्नात धरलं जातं.

२१,००० रुपये वर्षाला म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. मुंबईत धुणीभांडी करून घर चालवणारी बाईसुद्धा या मर्यादेत बसणं अवघड. लाटणं घेऊन मंत्रालयाला हिशोब विचारणाऱ्या मृणालताईंनी हा आकडा बघून पुढचा मोर्चा कुठे नेला असता, ते गोरेगावकरांना वेगळं सांगायला नको.