वेशीबाहेर गेलेली शाळा आणि थर्गूड मार्शल

अमेरिकेत मूल कोणत्या सरकारी शाळेत जाणार, हे बहुतेक वेळा त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरते. तिथे शाळा चालवणारी स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शालेय जिल्हा, ही स्वतंत्र संस्था असते. तिची हद्द वेगळी, तिचे मंडळ वेगळे आणि तिच्या हद्दीतल्या घरांवर-जमिनींवर बसणारा शाळेचा करही वेगळा. हद्दीत बंगले असतील तर शाळेची तिजोरी भरलेली, हद्दीत मोडकी घरे असतील तर तिजोरी रिकामी. या हद्दीशी जन्मभर झुंजलेला माणूस म्हणजे थर्गूड मार्शल. १९५४ च्या ऐतिहासिक निकालाचे वकील म्हणून चळवळीतले वाचक त्यांना ओळखतात. त्यानंतरचे त्यांचे पराभव मात्र फारसे कोणी सांगत नाही. आजच्या लढ्याला ते अधिक उपयोगाचे आहेत.

मार्शल यांचा जन्म २ जुलै १९०८ रोजी मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोर शहरात झाला. ते गुलामांचे वंशज. वडील विल्यम हे रेल्वेत आणि पुढे गोऱ्यांच्या क्लबात सेवक होते, आई नॉर्मा शिक्षिका होती. मेरीलँड विद्यापीठाचे विधी महाविद्यालय घरापासून जवळ होते, पण तिथे कृष्णवर्णीयांना दरवाजा बंद होता. म्हणून हा तरुण रोज पहाटे आगगाडीने वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात जाऊ लागला. फीसाठी आईने लग्नाची अंगठी गहाण ठेवली. हॉवर्डमध्ये चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांच्यासारखा गुरू भेटला. वकिलाने समाजाच्या कामी आले पाहिजे, नाहीतर तो समाजावरचे ओझे आहे, अशी त्यांची शिकवण होती. १९३३ मध्ये मार्शल वर्गात पहिले आले आणि दोनच वर्षांत, ह्यूस्टन यांच्या साथीने, त्याच मेरीलँड विद्यापीठाला त्यांनी न्यायालयात खेचले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश द्यावा लागला.

पुढची लढाई उपनगरात होती. बाल्टिमोर शहराला वेढून बाल्टिमोर काउंटी आहे. शहराशी संबंध नसलेला तो स्वतंत्र शालेय जिल्हा. तिथे गोऱ्या मुलांसाठी हायस्कुले होती, कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हते. सातवीनंतर त्यांनी वेगळी परीक्षा द्यायची आणि उत्तीर्ण झाल्यास काउंटीच्या खर्चाने शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या शाळेत जायचे. गोऱ्या मुलांना अशी परीक्षा नव्हती. एका मुलीला कॅटन्सव्हिलच्या हायस्कुलात प्रवेश मिळावा म्हणून मार्शल लढले आणि १९३७ मध्ये हरले. पण ते थांबले नाहीत. मेरीलँडमध्ये कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्यांच्या जवळपास निम्मा पगार मिळे. आपल्या आईच्या पेशाचा हा अपमान त्यांनी काउंटी-काउंटीत न्यायालयापुढे मांडला. १९३९ मध्ये अ‍ॅन अरुंडेल काउंटीच्या खटल्यात केवळ वर्णामुळे पगार कमी देणे घटनाबाह्य ठरले.

१९५४ चा ब्राऊन खटला अशा वीस वर्षांच्या मेहनतीतून उभा राहिला. तो एक खटला नव्हता, पाच ठिकाणच्या पालकांचे पाच खटले होते. दक्षिण कॅरोलायनातल्या पालकांनी सुरुवातीला फक्त मुलांसाठी बस मागितली होती. डेलावेअरचा एक खटला क्लेमाँट या विल्मिंग्टनच्या उपनगरातला होता. तिथल्या कृष्णवर्णीय मुलांना गावातले चांगले हायस्कूल सोडून शहरातल्या शाळेत जावे लागे. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने वर्णावर आधारलेल्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

हा विजय मिळत असतानाच शाळांचा नकाशा बदलत होता. महायुद्धानंतर सरकारी हमीची स्वस्त गृहकर्जे मिळाली, रस्ते झाले, शेतांवर घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. चार खोल्यांच्या खेडेगावच्या शाळांच्या जागी प्रयोगशाळा आणि मैदाने असलेली प्रशस्त हायस्कुले आली. पण ही कर्जे आणि ही घरे प्रामुख्याने गोऱ्यांच्या वाट्याला आली. घर कृष्णवर्णीयाला विकू नये, अशी अट कित्येक खरेदीखतांतच असे. डेट्रॉइटच्या एका कुटुंबाच्या वतीने मार्शल यांनी अशा अटीविरुद्ध युक्तिवाद केला आणि १९४८ मध्ये न्यायालयांना तिची अंमलबजावणी करण्यास मनाई झाली. तोवर उपनगरांचा रंग ठरत आला होता.

आपल्याकडे दलितांना गावकुसाबाहेर ठेवले. अमेरिकेत सधन गोरे आपण होऊन शहराच्या वेशीबाहेर गेले आणि जाताना शाळेची तिजोरी घेऊन गेले. वेस तीच, फक्त कोण कुठल्या बाजूला हे बदलले.

१९६७ मध्ये मार्शल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. वकील म्हणून याच न्यायालयात ३२ पैकी २९ खटले जिंकलेला हा माणूस आता आसनावर बसून हरू लागला. १९७३ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनिओचे प्रकरण आले. एजवूड हा मेक्सिकन वंशाच्या गरिबांचा शालेय जिल्हा, तर अलामो हाइट्स ही शेजारची सधन गोरी वस्ती. एजवूडचे लोक जास्त दराने कर भरत. तरीही स्थानिक करातून दर मुलामागे २६ डॉलर जमत, अलामो हाइट्समध्ये कमी दराने ३३३. सरकारी मदत धरूनही एजवूडच्या मुलावर ३५६ आणि पलीकडच्या मुलावर ५९४ डॉलर खर्च होई. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ही व्यवस्था वैध ठरवली आणि देशाच्या राज्यघटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नसल्याचे सांगितले. मार्शल यांनी दीर्घ विरोधी निकालपत्र लिहिले. त्यातल्या एका तळटीपेत त्यांनी राज्यांच्या घटनांचा मार्ग मोकळा असल्याची नोंद केली. एजवूडचे लोक त्याच वाटेने पुन्हा लढले आणि १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले.

दुसरा घाव १९७४ चा. डेट्रॉइटच्या शाळांत सुमारे दोन तृतीयांश मुले कृष्णवर्णीय होती. शहरापुरते एकत्रीकरण करायचे तर एकत्र बसायला पुरेशी गोरी मुले उरली नव्हती. म्हणून खालच्या न्यायालयाने भोवतालचे ५३ उपनगरी शालेय जिल्हे शहरासोबत एका योजनेत घेतले. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी ती योजना मोडली. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झालेले नाही, म्हणून हद्द ओलांडता येणार नाही, हे त्याचे कारण. पण ही हद्द एवढी पवित्र होती का? मिशिगन राज्यात १९१२ मध्ये ७,३६२ शालेय जिल्हे होते, १९७२ पर्यंत ६०८ उरले. सोय असेल तेव्हा हद्दी पुसल्या गेल्या. कृष्णवर्णीय मुलाला पलीकडे जायचे होते तेव्हाच ती रेघ अढळ झाली. या निकालाने महानगराचे वर्णावरून दोन तुकडे पडतील आणि पुढच्या पिढ्या त्याची किंमत मोजतील, असा इशारा मार्शल यांनी दिला. तो खरा ठरला.

१९९१ मध्ये ते निवृत्त झाले, २४ जानेवारी १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. भेदभावाची पाटी कायद्याने उतरते, पण हद्द, कर आणि घराचा भाव यांच्या आडून तोच भेदभाव पाटीशिवाय चालू राहतो. थर्गूड मार्शल यांच्या आयुष्याने हेच दाखवले. आपल्या राज्यघटनेत २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. अमेरिकेच्या राज्यघटनेत ही ओळ आजही नाही. पण हक्काचे कलम वाचणाऱ्या कार्यकर्त्याने शाळेचा जमाखर्चही वाचावा. कोणत्या वस्तीच्या शाळेला किती पैसा जातो आणि तिची हद्द कोणी आखली, हे विचारत राहणे म्हणजेच मार्शल यांचा अर्धा राहिलेला लढा पुढे नेणे.