विवेकाचा साधक : इग्नेशियस लोयोला

स्पेनच्या उत्तरेस बास्क लोकांच्या डोंगराळ प्रांतात लोयोला नावाची गढी आहे. तेथे १४९१ साली एका सरदार घराण्यात इनिगो जन्मास आला. पुढे जगाने त्यास इग्नेशियस या नावाने ओळखले. राजाच्या खजिनदाराकडे वाढलेल्या या तरुणास शस्त्रे, उंची वस्त्रे आणि कीर्ती यांचेच वेड होते. २० मे १५२१ रोजी पांप्लोनाचा किल्ला फ्रेंचांविरुद्ध लढवीत असता तोफेच्या गोळ्याने त्याचा उजवा पाय मोडला. शत्रूनेच उपचार करून त्याला घरी पोहोचविले. पाय वाकडा सांधला गेला, तेव्हा तो पुन्हा मोडून बसविण्यात आला. तरीही गुडघ्याखाली एक हाड वर आलेले राहिले. तंग बुटांत ते शोभणार नाही म्हणून त्याने ते करवतीने कापून घेतले! केवळ नटवेपणासाठी एवढे क्लेश सोसणारा हा मनुष्य पुढे संत झाला, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

अंथरुणावर वाचावयास त्याने वीरांच्या अद्भुत कथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे तेवढी मिळाली. मग त्याचे मन दोन दिशांनी धावू लागले. कधी एका थोर कुळातील स्त्रीसाठी करावयाच्या पराक्रमांची स्वप्ने, तर कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांनी केले ते आपण का करू नये, हा विचार. रमताना दोन्हींत गोडीच वाटे. परंतु पहिली स्वप्ने ओसरली की मन कोरडे व असंतुष्ट राही. दुसऱ्या विचारांची प्रसन्नता मात्र मागाहूनही टिके. हा भेद त्याने टिपला. मनात उठणारी प्रत्येक प्रेरणा ईश्वराकडून आलेली नसते. ती कोठून आली आणि कोठे नेते, हे पारखावे लागते. ख्रिस्ती साधनेत ज्याला विवेक म्हणतात तो हाच.

तो विवेक एका दिवसात पक्व झाला नाही. १५२२ मध्ये माँटसेराटच्या वाटेवर एका मूर प्रवाशाने कुमारी मरियेविषयी वाद घातला. त्याला गाठून भोसकावे की नाही, हे इनिगोला ठरविता येईना. अखेर लगाम सैल सोडून त्याने निर्णय खेचरावर सोपविला. सुदैवाने खेचर दुसऱ्या वाटेने गेले!

मठात मरियेच्या वेदीपाशी तलवार ठेवून तो मानरेसा गावी गेला. तेथे त्याने कठोर उपास केले, दिवसाचे सात-सात तास प्रार्थना केली. जुन्या पापांची टोचणी इतकी वाढली की जीव नकोसा झाला. तेव्हा त्याने पुन्हा तीच कसोटी लावली. जी टोचणी जगण्याचाच वीट आणते ती ईश्वराची असणार नाही, असे ओळखून त्याने झालेल्या पापांची पुनःपुन्हा कबुली देणे थांबविले. येथील टिपणांतूनच त्याचा साधनाग्रंथ वाढला. ख्रिस्ताच्या चरित्रातील प्रसंग डोळ्यांपुढे आणावा, तेथील माणसे पाहावी, त्यांचे बोलणे ऐकावे आणि मग ईश्वराशी मित्रासारखे बोलावे, अशी ही सुमारे तीस दिवसांची साधना आहे.

जेरुसलेमची यात्रा करून आल्यावर, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तो बार्सिलोनात मुलांबरोबर लॅटिन शिकू लागला. विद्यार्थिमित्रांनो, हा प्रसंग मुद्दाम तुमच्यासाठी सांगतो. व्याकरण पाठ करावयास बसले की त्याच्या मनात उत्कट आध्यात्मिक विचार दाटून येत आणि पाठ राहून जाई. प्रत्यक्ष प्रार्थनेच्या वेळी मात्र ते येत नसत! तेव्हा ही भक्ती नसून भक्तीचे सोंग आहे, हे त्याने ओळखले. गुरुजींपाशी जाऊन सर्व सांगितले आणि लक्षपूर्वक शिकण्याचे वचन दिले.

पुढे पॅरिसच्या विद्यापीठात पीटर फेबर व फ्रान्सिस झेवियर हे त्याचे खोलीसोबती झाले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी सात मित्रांनी माँमार्त्र टेकडीवर व्रत घेतले. १५४० मध्ये पोपने त्यांच्या येशूसंघास मान्यता दिली. त्याच वर्षी झेवियर रोमहून निघाला आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरला. मित्रांच्या पत्रांतील सह्या कापून तो गळ्यात बाळगीत असे. जून १५५३ मध्ये इग्नेशियसने त्याला परत बोलाविणारे पत्र लिहिले. पण आदल्या डिसेंबरातच झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर निवर्तला होता. इग्नेशियसने ३१ जुलै १५५६ रोजी रोममध्ये देह ठेवला. १२ मार्च १६२२ रोजी दोघांनाही एकाच समारंभात संतपद देण्यात आले.