ओहमने पॉवर सप्लाय बदलला

ओहमचा नियम आपल्याला दहावीपासून पाठ असतो. व्होल्टेज बरोबर करंट गुणिले रेझिस्टन्स. फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये त्याचं प्रॅक्टिकल असतं आणि रीडिंग्ज कशी जमवायची हे सीनियर्स आधीच सांगून ठेवतात. पण खुद्द ओहमची रीडिंग्ज सुरुवातीला जमली नव्हती, त्याने छापलेलं पहिलं सूत्र चुकीचं होतं आणि त्यामागचं मोठं कारण त्याचा पॉवर सप्लाय होता, हे मला कुठल्या टेक्स्टबुकने सांगितलं नाही. नवीन ग्राफिक्स कार्ड टाकल्यावर मशीन बंद पडतं म्हणून डोक्याला हात लावून बसलेल्यांनी तर ही गोष्ट जरूर वाचावी.

गेऑर्ग सायमन ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपं बनवणारे कारागीर. शाळा फारशी झालेली नव्हती, पण स्वतः वाचून गणित शिकले आणि मुलांनाही शिकवलं. ओहम दहा वर्षांचा असताना आई वारली. १८०५ मध्ये तो एर्लांगेनच्या विद्यापीठात दाखल झाला आणि पुढे जे झालं ते आपल्या हॉस्टेललाही ओळखीचं वाटेल. नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचं स्केटिंग यांत साहेब इतके रमले की तीन सेमिस्टरनंतर वडिलांनी कॉलेज बंद करवलं. १८०६ मध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणिताचा मास्तर म्हणून गेला. तिथे त्याने स्वतःच्या बळावर अभ्यास केला, परत येऊन १८११ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पण पदवीने पोट भरेना. बाम्बेर्गच्या एका यथातथा शाळेत काही वर्षं काढल्यावर १८१७ मध्ये त्याला कोलोनच्या जेझुइट शाळेत नोकरी लागली. तिथे फिजिक्सची चांगली लॅब होती. ओहमच्या आयुष्याला वळण लागलं ते या लॅबमुळे.

१८२० मध्ये ऑर्स्टेडने दाखवलं की करंट वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसुई हलते. म्हणजे करंट मोजायचं साधन हाती आलं. ओहमने ठरवलं की तारेची लांबी बदलत जायचं आणि सुईवरचा जोर किती कमी होतो ते पाहायचं. सप्लाय म्हणून त्या काळची व्होल्टाच्या धर्तीची बॅटरी. इथेच घोटाळा होता. सर्किट जोडलं की पहिल्या क्षणी करंट जोरात यायचा आणि मग उतरत जायचा, कारण तांब्याच्या पत्र्यावर हायड्रोजनचे बुडबुडे साचून बॅटरीच मंदावत होती. म्हणजे तार बदलली म्हणून रीडिंग बदललं की बॅटरी दमली म्हणून, हे सांगता येईना. १८२५ च्या पेपरात त्याने लॉगरिदमचं सूत्र मांडलं. ते टिकलं नाही.

त्या वेळी अ‍ॅनालेन या नियतकालिकाचा संपादक पोगेनडॉर्फ याने त्याला सुचवलं की बॅटरी सोडून थर्मोकपल वापरून बघ. सीबेकने १८२१ मध्ये शोधलं होतं की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांचं तापमान वेगळं ठेवलं की सर्किटमध्ये करंट वाहतो. ओहमने बिस्मथ आणि तांबं जोडलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. जोवर पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय, तोवर तापमानातला फरक जागचा हलत नाही आणि व्होल्टेजही हलत नाही. ताकद अगदी थोडी, पण भरवशाची.

मग त्याने एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सर्वांत आखूड २ इंच, सर्वांत लांब १३० इंच. या वेळी रीडिंग्ज सुतासारखी सरळ आली. १८२६ मध्ये त्याने सूत्र मांडलं. सुईवरचा जोर म्हणजे ए भागिले बी अधिक एक्स. एक्स म्हणजे तारेची लांबी. ए हा सप्लायचा जोर, तो तापमानातल्या फरकावर अवलंबून. आणि बी म्हणजे उरलेल्या सर्किटचा, सप्लायसकट, रेझिस्टन्स. तापमानातला फरक कमी केला तेव्हा ए कमी झाला, पण बी होता तिथेच राहिला.

मला विचाराल तर या सूत्रातलं सर्वांत मोलाचं अक्षर बी आहे. परीक्षेच्या घाईत आपण नेमकं तेच विसरतो आणि सप्लाय आदर्श धरून चालतो.

आमच्या विंगमधली एक केस सांगतो. एका ज्युनियरने नवीन कार्ड बसवलं. डेस्कटॉप व्यवस्थित, सिनेमा व्यवस्थित, पण गेम लावला की दोन मिनिटांत स्क्रीन काळी. विंगने एकमताने कार्ड खराब ठरवलं. बिचारा पेटीत भरून परत पाठवायच्या तयारीत होता. कार्ड नीट बसलंय, पॉवरची पिन जोडलीय, मॉनिटरची केबल कार्डालाच लावलीय, जुना ड्रायव्हर काढून नवा टाकलाय, हे सगळं आधी पाहून झालं. मग मी मल्टिमीटर आणला आणि एसएमपीएसच्या रिकाम्या प्लगमधल्या पिवळ्या आणि काळ्या वायरवर लावला. गेम बंद असताना १२.१ व्होल्ट. गेम सुरू होताच ११.२. या लाइनला मुभा ५ टक्क्यांची, म्हणजे ११.४ ते १२.६. दुसऱ्या रूममधला चांगला एसएमपीएस लावला, बाकी काहीही न बदलता, आणि तेच कार्ड रात्रभर चाललं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही शिस्तही ओहमचीच.

बीमध्ये केबल आणि कनेक्टरही आले. आठ पिनांच्या कनेक्टरची मर्यादा १५० वॅट. १२ व्होल्टला म्हणजे साडेबारा अँपिअर. अर्धवट बसलेल्या पिनेत किंवा स्वस्तातल्या अडॅप्टरमध्ये नुसता ०.०४ ओहम रेझिस्टन्स असला तरी अर्धा व्होल्ट तिथेच जातो आणि सव्वासहा वॅटची उष्णता त्या इवल्याशा प्लॅस्टिकमध्ये तयार होते. प्लग वितळतात ते उगाच नाही.

म्हणून सप्लाय घेताना डब्यावरचा मोठ्या टाइपातला वॅटचा आकडा पाहून हुरळू नका. लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि त्याला १२ ने गुणा. काही सप्लायमध्ये एकूण आकड्याचा मोठा हिस्सा ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनवर दाखवलेला असतो आणि कार्डाला त्याचा काही उपयोग नाही. कार्डाची कंपनी जेवढे वॅट सांगते त्याहून थोडं जास्तच घ्या. ८० प्लसचं चिन्ह वीज किती वाया जाते ते सांगतं. लोड वाढल्यावर व्होल्टेज किती स्थिर राहील याची ती हमी नाही. ओव्हरकरंट आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे का, वॉरंटी किती वर्षांची, हे विचारा. कार्डाला दोन प्लग असतील तर दोन स्वतंत्र केबल लावा. आणि एसएमपीएस उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

आता ओहमचं पुढे काय झालं ते. अर्ध्या पगारावर रजा काढून तो बर्लिनला गेला आणि १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. विद्यापीठात जागा मिळेल अशी आशा होती. पण फिजिक्समध्ये एवढं गणित त्या काळच्या अनेक जर्मन विद्वानांना रुचलं नाही. पुस्तकाचं थंड स्वागत झालं आणि १८२८ मध्ये त्याने कोलोनची नोकरी सोडली. चाळिशीच्या उंबरठ्यावर, हाती खरा नियम असलेला हा माणूस बर्लिनमध्ये तुटपुंज्या पगारावर शिकवत राहिला. १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये जागा मिळाली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिलं, तेव्हा कुठे त्याच्या कामाला मोठा मान मिळाला. म्युनिकच्या विद्यापीठात प्रोफेसर झाला तो १८५२ मध्ये आणि ६ जुलै १८५४ रोजी वारला. आयुष्यभर हवी असलेली खुर्ची जेमतेम दोन वर्षं लाभली.

१८८१ मध्ये पॅरिसच्या परिषदेत रेझिस्टन्सच्या एककाला त्याचं नाव देण्यात आलं. लॅबमधल्या मल्टिमीटरच्या नॉबवर ओमेगाचं चिन्ह आहे ते त्याचंच. सुई हलली की तारेला दोष देण्याआधी सप्लाय तपासा, एवढं त्याच्याकडून घेतलं तरी आपली बरीच कार्डं परत जायची वाचतील.