लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (२० जून, १८६९ - २६ सप्टेंबर, १९५६) हे मराठी उद्योजक, लोखंडी नांगराचे निर्माते आणि किर्लोस्करवाडी या उद्योगनगराचे संस्थापक होते. उद्योगाकडे वळण्यापूर्वी चित्रकार होणे हे त्यांचे ध्येय होते. रंगांधळेपणामुळे ते त्यांना सोडावे लागले.

बालपण आणि चित्रकलेची ओढ

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर हे याच घराण्यातील होत. शालेय अभ्यासात लक्ष्मणरावांचे मन फारसे रमत नसे. यंत्रे आणि चित्रे या दोनच गोष्टींचा त्यांना लहानपणापासून ओढा होता. त्या काळी ब्राह्मण कुटुंबातील मुलाने चित्रकला शिकणे हे पोटापाण्याच्या दृष्टीने वेडेपणाचे समजले जाई आणि वडिलांचाही त्यास विरोध होता. अखेर थोरले बंधू रामूअण्णा यांनी खर्चाचा भार उचलला आणि १८८५च्या सुमारास लक्ष्मणराव मुंबईच्या सर जे.जे. कलाशाळेत दाखल झाले.

रंगांधळेपणा

सुमारे दोन वर्षांच्या शिक्षणानंतर लक्ष्मणरावांना काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही, ते अंशतः रंगांधळे आहेत, असे लक्षात आले. हा दोष बहुधा जन्मजात असतो, स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक आढळतो आणि त्यावर उपाय नाही. आपल्याला दिसते तसेच इतरांनाही दिसते, अशी समजूत असल्याने दोष असलेल्या व्यक्तीला तो पुष्कळदा वर्षानुवर्षे कळतही नाही. रेखाटनात तो आड येत नाही. समोरच्या वस्तूची छटा रंगफलकावर तंतोतंत मिसळून दाखवण्याची वेळ आली की मात्र तो लपत नाही.

घरच्यांचा विरोध पत्करून आणि भावाच्या पैशावर घेतलेले हे शिक्षण मध्येच सोडणे सोपे नव्हते. तरीही लक्ष्मणरावांनी रंगचित्रणाचा नाद सोडला. कलाशाळेतील शिक्षणापैकी यंत्रांचे आरेखन तेवढे त्यांनी पुढे चालू ठेवले. यात रंगापेक्षा रेषा, माप आणि प्रमाण यांना महत्त्व असते. चित्रकलेवरील त्यांचा जीव उडाला, की केवळ दिशा बदलली, याचे उत्तर दोन्ही अंगांनी देता येईल. त्यांची पुढील कारकीर्द मात्र या आरेखनावरच उभी राहिली.

अध्यापन आणि बेळगावातील व्यवसाय

मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक आरेखनाचे साहाय्यक शिक्षक झाले. संस्थेच्या कर्मशाळेत त्यांनी यंत्रे हाताळून, खोलून, जोडून पाहिली. दरम्यान १८८८मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान सुरू झाले. हक्काची बढती डावलली गेल्याने लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. तेथे त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र व त्यानंतर लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिला नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

किर्लोस्करवाडी

बेळगाव नगरपालिकेच्या निर्णयामुळे कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानात जागा आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१०मध्ये कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळच्या, निवडुंगाने भरलेल्या आणि सापांचा सुळसुळाट असलेल्या माळावर कारखाना उभा राहिला. हीच किर्लोस्करवाडी. वसाहतीत राहणाऱ्या कामगारांमध्ये अस्पृश्यता पाळली जाऊ नये, असा लक्ष्मणरावांचा आग्रह होता.

चित्रकला सोडलेल्या या कारखानदाराला आश्रय देणारे बाळासाहेब स्वतः हौशी चित्रकार होते, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. राज्यकारभार सांभाळून त्यांनी आयुष्यभर चित्रे काढली. त्यांचे 'चित्ररामायण' १९१६मध्ये प्रसिद्ध झाले आणि औंधचे संग्रहालय त्यांच्या कलासंग्रहातूनच उभे राहिले. किर्लोस्कर घराण्यातही चित्रकला पुन्हा आली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले होते. १९२०मध्ये किर्लोस्करवाडीत सुरू झालेल्या 'किर्लोस्कर' मासिकाचे ते संपादक होते आणि त्यातील व्यंगचित्रेही ते स्वतः काढत. 'यांत्रिकाची यात्रा' हे लक्ष्मणरावांचे चरित्र त्यांनीच लिहिले.

उत्तरायुष्य

नांगरानंतर कारखान्यात पंप, चरक आणि इतर शेतीउपयोगी यंत्रे तयार होऊ लागली. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी अमेरिकेत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यानंतर उद्योगाचा विस्तार केला. १९४६मध्ये पुण्यात खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. २६ सप्टेंबर, १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त १९६९मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.