कमला सोहोनी

कमला सोहोनी (माहेरच्या कमला भागवत, जन्म : इंदूर, १९११, मृत्यू : १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञानात पीएच.डी. मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांची गणना होते. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी.

शिक्षण

वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. होऊन कमलाबाईंनी तेथेच अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणाने तो नाकारला. हा निर्णय त्यांच्या कीर्तीस शोभणारा नव्हता. सत्याग्रहाचा पवित्रा घेतल्यावर प्रवेश मिळाला, तोही वर्षभराच्या परीक्षाधीन अटीवर. वर्षअखेरीस त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये त्या एम.एस्‌सी. झाल्या.

केंब्रिजमधील संशोधन

केंब्रिजला फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असल्याचे त्यांनी दाखविले. या प्रथिनात हीम नावाच्या वलयात लोहाचा अणू बसविलेला असतो. तो एक इलेक्ट्रॉन स्वीकारतो व पुढे सोपवितो. श्वसनातील ऊर्जा याच देवघेवीतून मिळते. प्राणी, किण्व आणि वनस्पती यांची श्वसनयंत्रणा मुळात एकच असल्याचा हा भक्कम पुरावा होता. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली, प्रबंध अवघ्या चाळीसेक पानांचा होता.

याच श्वसनसाखळीत हीमविरहित, लोह आणि गंधक यांचे समूह असलेली प्रथिनेही आहेत. ती अतिप्राचीन मानली जातात. १९८८ मध्ये गुंटर व्हेख्टरहाउझर यांनी जीवसृष्टीची आरंभीची रसायनक्रिया लोह-गंधक खनिजांच्या पृष्ठभागावर घडली असावी, असा सिद्धान्त मांडला. तो अद्याप वादग्रस्त आहे. कमलाबाईंच्या प्रबंधात हा विषय अर्थातच नाही.

पुढील कार्य

मायदेशी परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय व कुन्नूरची पोषण संशोधनशाळा येथे त्यांनी काम केले. १९४७ मध्ये माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. नीरेतील जीवनसत्त्वे व लोह कुपोषित आदिवासी मुलांना उपयोगी पडतात, हे त्यांच्या संशोधनातून दिसले. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचे संचालकपद मात्र बरेच उशिरा आले. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत त्या अन्नभेसळीविरुद्ध लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीतील एका सत्कार समारंभात त्या कोसळल्या. त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.