अलेक्झांडर गिब्सन

डॉ. अलेक्झांडर गिब्सन (२४ ऑक्टोबर १८०० - १६ जानेवारी १८६७) हे स्कॉटिश शल्यचिकित्सक, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत त्यांनी सुमारे ३५ वर्षे घालवली. पुण्याजवळील दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यानाचे ते अधीक्षक होते. १८४७ मध्ये त्यांच्याकडे इलाख्यातील वनांची व्यवस्था सोपवण्यात आली. सह्याद्री आणि उत्तर कोकणातील वने ही सरकारी मालमत्ता मानून तिचे नियमबद्ध संरक्षण करण्याची पद्धत त्यांच्या कारकिर्दीत सुरू झाली. वनांच्या ऱ्हासाचा संबंध त्यांनी झरे आटण्याशी आणि खाड्या गाळाने भरण्याशी जोडला. मात्र या व्यवस्थेतून वनांवर जगणाऱ्या शेतकऱ्यांच्या व आदिवासींच्या हक्कांचा प्रश्नही उभा राहिला आणि तो त्यांच्या पश्चात अधिक तीव्र झाला.

पार्श्वभूमी

कोकणातील सागाचे महत्त्व ब्रिटिश राजवटीच्या आधीपासून होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे, तसेच रयतेच्या आंबा-फणसासारख्या झाडांना हात का लावू नये, याचे नियम दिलेले आहेत. पुढे मुंबई गोदीत वाडिया कुटुंबातील जहाजबांधणी करणाऱ्यांनी सागाची मोठी जहाजे बांधली. १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' हे ब्रिटिश आरमाराचे जहाज त्यांपैकी एक होय.

आरमाराची ही गरज भागवण्यासाठी १८०६ मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली होती. त्यांच्या मक्तेदारीविरुद्ध व्यापारी आणि जमीनमालकांनी तक्रारी केल्यामुळे १८२३ मध्ये ते पद रद्द करण्यात आले. त्यानंतर जवळजवळ दोन दशके वनांची तोड फारशा निर्बंधाविना चालू राहिली. मुंबई शहराची वाढ होऊ लागली तसा उत्तर कोकणातील, म्हणजे आजच्या ठाणे व पालघर जिल्ह्यांतील, इमारती लाकूड, सरपण आणि कोळसा यांचा ओघ खाडीमार्गे शहराकडे वाढत गेला.

सुरुवातीचे जीवन

गिब्सन यांचा जन्म स्कॉटलंडमधील किंकार्डिनशायर परगण्यात झाला. एडिंबरा विद्यापीठात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. त्या काळी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पतींसाठी वनस्पतिशास्त्रही शिकावे लागे. भारतात वनसंरक्षणाचा पाया घालणारे अनेक अधिकारी मुळात शल्यचिकित्सक होते, त्यामागे हे एक कारण होते. १८२५ मध्ये गिब्सन कंपनीच्या सेवेत साहाय्यक शल्यचिकित्सक म्हणून दाखल झाले. पहिल्या ब्रह्मी युद्धात आराकानच्या मोहिमेत त्यांनी भाग घेतला.

त्यानंतर दख्खन आणि खानदेश प्रांतांत देवीची लस टोचण्याच्या कामावर त्यांची नेमणूक झाली. या कामासाठी त्यांना गावोगाव फिरावे लागे. या काळात त्यांनी हिंदुस्तानी, मराठी आणि गुजराती या भाषांवर प्रभुत्व मिळवले. शेती, पाऊस, विहिरींची पातळी आणि डोंगरांवरील झाडी यांची त्यांना मिळालेली प्रत्यक्ष माहिती पुढे वनखात्यात उपयोगी पडली.

दापोडीचे उद्यान

दापोडी येथील उद्यान गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८२८ मध्ये स्थापन झाले होते. १८३८ मध्ये गिब्सन त्याचे अधीक्षक झाले. परदेशी पिके, फळझाडे आणि औषधी वनस्पती येथील हवामानात रुजतात का, याची चाचणी घेणे आणि बियाणे व रोपे वाटणे, हे उद्यानाचे मुख्य काम होते. सोनामुखी आणि खुरासानी ओवा यांसारख्या औषधी वनस्पतींची लागवड करून सरकारी दवाखान्यांना देशातच औषधे मिळावीत, असा प्रयत्न गिब्सन यांनी केला. जुन्नरजवळील हिवरे येथेही त्यांच्या देखरेखीखाली अशी बाग होती.

१८४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एका स्थानिक चित्रकाराकडून उद्यानातील व परिसरातील वनस्पतींची दीडशेहून अधिक रंगीत चित्रे काढून घेतली. 'दापुरी चित्रे' या नावाने ओळखला जाणारा हा संग्रह एडिंबरा येथील रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जतन केलेला आहे. चित्रकाराचे नाव मात्र नोंदवले गेले नाही.

वनसंरक्षक

१८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. सागाचा पुरवठा टिकवणे हा सरकारचा मुख्य हेतू होता. गिब्सन यांच्या अहवालांत मात्र त्याच्या जोडीने दुसरा मुद्दा सातत्याने येतो. घाटमाथ्यावरील व उतारांवरील झाडी गेली, की झऱ्यांचे पाणी कमी होते आणि पावसाबरोबर वाहून आलेली माती खालच्या नद्या व खाड्या भरून टाकते, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यामुळे लाकडाच्या किमतीत न मावणारे मूल्य वनांना असते आणि ते जपण्याची जबाबदारी सरकारवर येते, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता.

ब्रिटिश असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्स या संस्थेने उष्ण कटिबंधातील वनांच्या नाशाच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली होती. ह्यू क्लेघॉर्न यांच्या पुढाकाराने तयार झालेला तिचा अहवाल १८५१ मध्ये सादर झाला आणि त्यात गिब्सन यांनी मुंबई इलाख्यातून दिलेल्या माहितीचा उपयोग करण्यात आला. क्लेघॉर्न स्वतः १८५६ मध्ये मद्रास इलाख्याचे वनसंरक्षक झाले.

उत्तर कोकणातील प्रश्न

उत्तर कोकणाच्या किनाऱ्यालगत केळवे, माहीम, माकुणसार यांसारखी गावे असून पूर्वेकडे जव्हार-मोखाड्यापर्यंत डोंगराळ वनप्रदेश पसरलेला आहे. या सर्व पट्ट्यात भातशेती झाडपाल्यावर अवलंबून होती. भाताचे रोप तयार करण्यापूर्वी वाफ्यावर फांद्या, पाला, गवत आणि शेण पसरून जाळण्याच्या पद्धतीला राब म्हणतात. त्यासाठी दरवर्षी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटल्या जात. डोंगरउतारावर झाडी तोडून व जाळून नाचणी आणि वरी पेरण्याच्या पद्धतीला दळी, तर दक्षिणेकडे कुमरी म्हणत. वारली, कोकणा, ठाकूर, काथोडी आणि मल्हार कोळी यांचा उदरनिर्वाह बऱ्याच अंशी वनांवरच चाले.

गिब्सन फिरत्या शेतीच्या विरोधात होते. तीव्र उतारावरील माती एकदा सुटली की ती परत मिळत नाही, हे त्यामागचे कारण होते. परंतु मुंबईकडे जाणाऱ्या लाकडाचा व्यापार आणि पोटापुरती नाचणी पिकवणारे कुटुंब यांचा वनांवरील भार सारखा नव्हता. निर्बंध लागू करताना हा फरक राखणे कठीण ठरले, कारण व्यापारी दुसरीकडून लाकूड आणू शकत असे, तर आदिवासी शेतकऱ्याला दुसरी जमीन नव्हती. गिब्सन यांच्या काळात वनविषयक कायदा नव्हता आणि कर्मचारीही थोडे होते. त्यामुळे प्रत्यक्ष नियंत्रण मर्यादित राहिले.

लेखन

निकोल अलेक्झांडर डाल्झेल यांच्यासह गिब्सन यांनी तयार केलेला 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिम भारतातील वनस्पतींची पद्धतशीर नोंद करणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. इलाख्यातील वनांविषयीची एक मार्गदर्शक पुस्तिकाही गिब्सन यांच्या नावावर आहे. सह्याद्रीत आढळणाऱ्या कोरांटीच्या एका प्रजातीला डाल्झेल यांनी 'बार्लेरिया गिब्सोनी' असे नाव दिले.

निवृत्ती व मृत्यू

१८६० मध्ये गिब्सन सेवेतून निवृत्त होऊन स्कॉटलंडला परतले. त्यांच्यानंतर डाल्झेल यांनी वनसंरक्षकपद सांभाळले. १६ जानेवारी १८६७ रोजी गिब्सन यांचे निधन झाले. तोपर्यंत दापोडीचे उद्यान बंद झाले होते. त्याची जागा पुढे १८७३ मध्ये सुरू झालेल्या गणेशखिंड उद्यानाने घेतली.

वारसा

१८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय वनखाते स्थापन झाले. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी सरकारी नियंत्रणाला कायद्याचे बळ दिले. राखीव वनांच्या सीमा आखल्या गेल्यावर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत राब, सरपण आणि चराईवरील निर्बंधांविरुद्ध तीव्र असंतोष पसरला. त्याच्या चौकशीसाठी सरकारला १८८५ मध्ये बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. वनांतील वहिवाटीच्या हक्कांना केंद्रीय कायद्याने मान्यता मिळण्यास २००६ साल उजाडले.

वन आणि पाणी यांच्या संबंधाविषयीचा गिब्सन यांचा विचार मात्र टिकून राहिला. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणाच्या भोवतालचे वन आज अभयारण्य असून या जलाशयातून मुंबईला पाणीपुरवठा होतो. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि वसईजवळील तुंगारेश्वर अभयारण्य येथे संरक्षणाबरोबरच पर्यटन आणि पदभ्रमंती यांनाही स्थान मिळाले आहे. एकाच सार्वजनिक वनाकडून लाकूड, पाणी, विरंगुळा आणि स्थानिकांची उपजीविका या सर्वांची अपेक्षा केली जाते. त्यांपैकी कोणाची गरज आधी धरायची, हा गिब्सन यांच्या काळात पुढे आलेला प्रश्न पालघर आणि ठाणे जिल्ह्यांतील वनव्यवस्थापनात आजही महत्त्वाचा आहे.